पसंतीक्रम भरताना: मोठीच्या मेडिकल प्रवेशाचे चार महिने

आमच्या घरी दोन मुलं. मोठी यंदा बारावी झाली, धाकटा नववीत आहे. धाकट्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला. हे सुरुवातीलाच सांगते, कारण मोठीसाठी मेडिकल कॉलेज निवडताना फी, कर्ज, रेल्वेचं तिकीट, जे जे म्हणून बोललो ते शेवटी तिथंच येऊन थांबायचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यांचं नागपुरात मानेवाड्याकडे झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. गेल्या जूनमध्ये मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर शोधत बसायचे. कटऑफ सांगणारे व्हिडिओ ढीगभर होते. घरात एक लेकरू आजारी असताना दुसऱ्याला किती लांब पाठवायचं, हे कुणी लिहून ठेवलेलं सापडलं नाही. आता प्रवेश पूर्ण होऊन काही महिने झालेत, म्हणून क्रमाने लिहून काढते. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा तुमच्या वर्षाची माहितीपुस्तिका तुम्ही स्वतः वाचा. आम्ही दोघींनी ती दुकानात छापून घेतली आणि पेन्सिलने खुणा करत दोनदा वाचली.

नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, ४ मे २०२५ ला होती, दुपारी दोन ते पाच. नागपूरचा मे महिना. सेंटरबाहेर कडुनिंबाखाली आम्ही पालक ओले दुपट्टे डोक्यावर घेऊन बसलो होतो. फिजिक्स फार अवघड गेलं, हे बाहेर येणाऱ्या पहिल्या चार-पाच मुलांच्या चेहऱ्यावरच दिसलं. मोठी गाडीवर मागे बसली आणि मेडिकल चौकापर्यंत एक शब्द बोलली नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "इथं नाही होत वाटते, आई."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. नागपुरात नुसतं 'मेडिकल' म्हटलं की १९४७ सालचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि 'मेयो' म्हटलं की इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिसरं एम्स, मिहानमध्ये. धाकट्याचं दुखणं निघाल्यापासून दवाखान्याच्या वाऱ्यांमध्ये आमची मोठी वाढली. ती दहा वर्षांची असताना एका निवासी डॉक्टरने तिला स्टेथोस्कोप कानाला लावू दिला होता. डॉक्टर व्हायचं तेव्हापासून, आणि इथंच व्हायचं, असं तिच्या मनात पक्कं होतं.

१४ जूनला निकाल लागला. गुण मुद्दाम सांगत नाही, कारण त्यांचा तुम्हाला उपयोग नाही. २०२५ च्या पेपरला सगळ्यांचेच गुण खाली आले होते. आम्ही मात्र दोन दिवस २०२४ चे कटऑफ लावून बघत राहिलो आणि घरात सुतक असल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी मोठीनेच सांगितलं की गुण सोड, ऑल इंडिया रँक बघ, आणि मागच्या वर्षी याच रँकच्या आसपास कुणाला कुठं मिळालं ते बघ. त्यानंतर चित्र जरा स्पष्ट झालं. एम्स, मेडिकल, मेयो मिळणार नव्हतं. विदर्भातल्या बाकीच्या सरकारी कॉलेजांमध्ये काठावर. कोकण, खानदेश, मराठवाड्यातल्या नव्या सरकारी कॉलेजांपैकी कुठंतरी बहुधा मिळेल. आणि नागपूरजवळच्या एका खासगी कॉलेजात नक्की मिळेल, जिथं तिला रोज घरून जाऊन-येऊन शिकता आलं असतं.

पूर्वी ७०:३० ची पद्धत होती, विदर्भातल्या कॉलेजांत विदर्भातल्या मुलांना सत्तर टक्के जागा असत. २०२० मध्ये ती रद्द झाली. आता पूर्ण राज्याची एकच गुणवत्ता यादी लागते. माझ्या शाळेतल्या एका सरांनी जुन्या हिशेबाने "गोंदिया तर पक्कंच" असं सांगून आम्हाला चार दिवस खोट्या आशेवर ठेवलं. त्यांच्या मुलाचा प्रवेश त्या पद्धतीत झाला होता, मनाने चांगलंच सांगत होते. पण सल्ला घेताना समोरच्याचा अनुभव कोणत्या वर्षाचा आहे ते आधी विचारा.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही, यादी माहितीपुस्तिकेत असते. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र आम्ही फेब्रुवारीतच सेतूतून काढून ठेवलं होतं, ते बरं झालं. अडकलो आधारवर. दहावीच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं. दुरुस्ती होऊन यायला सोळा दिवस लागले आणि त्या सोळा दिवसांत माझी झोप गेली. घरात अकरावीतलं मूल असेल तर आजच सगळे कागद एका टेबलावर मांडून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा.

आता पैशांचं.

आमचं दोघांचं उत्पन्न मिळून वर्षाला आठ लाखांच्या वर जातं. फी सवलतीच्या बहुतेक योजनांची मर्यादा आठ लाख आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. ज्या घरांना हे लागू आहे त्यांनी आधी त्याचा हिशेब करावा, सगळी गणितं बदलतात. आम्ही त्या रेषेच्या थोडे वर होतो.

सरकारी कॉलेजची फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास. त्या खासगी कॉलेजची बारा लाखांच्या घरात. खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघायला मिळते, ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. बारा लाख गुणिले साडेचार वर्षं म्हणजे चौपन्न लाख. आमच्याजवळ यांची एलआयसी, माझ्या भविष्य निर्वाह निधीतून काढता येईल तेवढं, आणि थोडं सोनं धरून चौदा लाख उभे राहत होते. उरलेल्या चाळीस लाखांसाठी शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं तर सहसा तारण लागतं, म्हणजे आमचा मानेवाड्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट.

बँकेतले अधिकारी भले माणूस निघाले. त्यांनी कागद ओढला आणि लिहून दाखवलं. दहा टक्के व्याज आणि पंधरा वर्षं मुदत धरली तर दर लाखामागे महिन्याचा हप्ता साधारण १०७५ रुपये. चाळीस लाखांचा त्रेचाळीस हजार. "पण मॅडम, हे आज फेडायला लागलात तर," ते म्हणाले. शिकत असतानाचं व्याज साचत जातं. शिक्षण साडेपाच वर्षं, इंटर्नशिप धरून, आणि वर एक वर्ष सवलतीचं. तोवर मूळ रक्कम आणि व्याज मिळून एकोणसाठ लाखांच्या जवळ जातं आणि हप्ता साठ हजारांच्या पुढे. मी तो कागद अजून ठेवला आहे. हप्ता सुरू होणार तेव्हा मोठी चोवीस-पंचवीस वर्षांची असेल आणि पीजीच्या परीक्षेचा अभ्यास करत असेल, हे मला बँकेतून बाहेर पडून पायऱ्या उतरताना लक्षात आलं. कर्ज काढणाऱ्या प्रत्येक घराने हप्ता कोणत्या वयात सुरू होतो ते विचारून घ्यावं. फीच्या आकड्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

तरीही मला खासगी कॉलेज हवं होतं. यांनाही. "फ्लॅट कायले आहे मग? लेकरांसाठीच न?" हे म्हणाले.

त्याचं कारण धाकटा. तो तीन वर्षांचा असताना हातापायाची बोटं सुजली म्हणून दाखवायला नेलं आणि इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे सिकलसेल ओळखणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला. आम्ही दोघंही वाहक आहोत हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. आई-वडील दोघं वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक. मोठी वाचली, धाकटा सापडला. रोज हायड्रॉक्सियुरियाची गोळी, फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं. आणि एवढं करूनही मधूनच क्रायसिस, म्हणजे वेदनेचा झटका येतो. हाडं आतून कुणी पिळतंय असं दुखतं, असं तो सांगतो.

तो क्रायसिस घरात सगळ्यांच्या आधी मोठीला दिसायचा. तो खेळता खेळता गप्प होऊन नडगीवर हात ठेवून बसला की ही पुस्तक बंद करायची. गरम पाण्याची पिशवी, पाण्याची बाटली, थर्मामीटर, आणि मग मला हाक. मी शाळेत, हे दुकानात, अशा कितीतरी दुपारी तिने एकटीने काढल्या आहेत. नीटच्या अभ्यासाच्या दोन वर्षांतसुद्धा. ती गेली तर या घराचं कसं होणार, हा विचार आला की माझ्या हातापायातलं बळ जायचं. मी लोकांना सांगायचे, "तिला भावाला सोडून राहवणार नाही." खरं तर तिच्याशिवाय राहण्याची भीती मला होती. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी मी तिच्या नावाने बोलत होते.

जुलैच्या एका संध्याकाळी धाकटा गच्चीवर आला. मी कपडे काढत होते. म्हणाला, "आई, माझ्यासाठी ताईला इथं ठेवून राहिली का तू?"

मी म्हटलं, तसं काही नाही.

"मग ते चौपन्न लाख माझ्या नावावर बोलशील न नंतर?"

चौदा वर्षांचं पोर. मी त्याला जवळ घेतलं, पण उत्तर काही देता आलं नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला की ताई नसली तर तिचं टेबल मला दे. आणि कपड्यांचा ढीग उचलून खाली गेला.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलं. सरकारी दवाखान्यात त्यांच्याकडे आम्ही आठ वर्षं जातोय. त्या म्हणाल्या, बहीण करते ते काम चार जणांत वाटून घ्या आणि कागदावर लिहा, लिहिल्याशिवाय ते होत नाही. त्या रात्री चौघांनी बसून तो कागद केला. ज्या घरात असं माणूस आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. ताप १०१ च्या वर गेला की वाट बघायची नाही, थेट दवाखाना, हे पहिलं. छातीत दुखलं किंवा धाप लागली तरी तेच. दवाखान्याची फाइल, रक्तगटाचं कार्ड, दोन दिवसांचे कपडे, चादर, बाटली अशी एक बॅग दाराजवळच्या खुंटीला कायम भरलेली. घराची किल्ली खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे. गल्लीतल्या ऑटोवाल्या दादांचा नंबर, त्यांना आधी जाऊन विचारून. शाळेत वर्गशिक्षक आणि खेळाचे सर दोघांना पत्र, की याला धावायला लावू नका आणि पाणी प्यायला कधीही जाऊ द्या. माझ्या मुख्याध्यापिका बाईंनाही मी आधीच सांगून ठेवलं की मला कधी तासाच्या मधून उठावं लागेल. हे सगळं आम्ही अकरा वर्षांत कधीच केलं नव्हतं, कारण ताई होती.

मोठीचं म्हणणं ठरलेलं होतं. राज्यातलं कुठलंही सरकारी कॉलेज आधी, खासगी सगळ्यात शेवटी. तिने एक गोष्ट दाखवून दिली जी माझ्या लक्षातच आली नव्हती. अभिमत विद्यापीठं सोडली तर राज्यातली सरकारी आणि खासगी दोन्ही कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. अभ्यासक्रम एक, विद्यापीठाची परीक्षा एक, पदवी एक. "मग चौपन्न लाख कशाचे आहेत आई? घरून डबा न्यायचे?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, डब्याचेच. आणि दोघी रडलो.

सरकारी कॉलेजात नंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, शासनाच्या आरोग्य सेवेत. काही पालकांना ते ओझं वाटतं. तिला वाटलं नाही, मलाही नाही.

ऑल इंडियाच्या पंधरा टक्क्यांच्या जागांसाठी एमसीसीकडेही, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडेही नोंदणी केली. खुल्या प्रवर्गाला एक हजार फी आणि दहा हजार अनामत. तिथं फक्त नागपूरची तीन नावं टाकली, मनाची समजूत म्हणून. अपेक्षेप्रमाणे काही लागलं नाही. अनामत परत येते, पण ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात, म्हणून सायबर कॅफेवाल्याच्या कार्डवरून भरू नका.

राज्याची नोंदणी जुलैच्या उत्तरार्धात सुरू झाली, फी हजार रुपये. मग पसंतीक्रम. इथं एक गोष्ट घट्ट धरून ठेवा. या यादीत सरकारी आणि खासगी कॉलेजं एकाच क्रमाने भरायची असतात. तुमच्या रँकला वरून खाली येताना जे पहिलं मिळेल ते तुमचं. म्हणजे मिळाल्यावर बघू, असं काही उरत नाही, निर्णय क्रम लावतानाच होऊन जातो. ज्या कॉलेजात जायचंच नाही ते नाव यादीत टाकू नका, आणि जे जास्त हवं ते मिळणार नाही असं वाटलं तरी वरच ठेवा. आम्ही वहीत आधी यादी लिहिली, दोन दिवस तशीच ठेवली आणि मग संगणकावर भरली. आधी विदर्भ: मेडिकल, मेयो, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि बाकीची. मग मराठवाडा, खानदेश, कोकण. शेवटी नागपूरजवळचं खासगी. सबमिट करताना माउसवर हात मोठीचा होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते आणि शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं की म्हणावं, ते एक नाव वर घे.

वेळापत्रक दोनदा पुढं सरकलं. ऑगस्टच्या मध्यावर पहिल्या फेरीची यादी लागली. कोकणातलं एक सरकारी कॉलेज. नकाशात बघितलं, नागपूरपासून महाराष्ट्रात याहून लांब फारसं काही उरत नाही. मी शाळेत गेले, तिसरीच्या वर्गाला बेरजा दिल्या आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

रुजू व्हायला थोडेच दिवस होते आणि ते नेमके पोळ्याच्या आठवड्यातले. पाठोपाठ २७ ऑगस्टला गणपती. गणपतीच्या तोंडावर कोकणात जाणारी गाडी मिळणं म्हणजे काय, ते आम्हा विदर्भवासीयांना कुठून माहीत असणार. कोकणातून जाणारी मडगावची थेट गाडी आठवड्यातून दोनदा, तिची वेटिंग लिस्टही संपलेली. शेवटी तत्काळमध्ये महाराष्ट्र एक्स्प्रेसची दोन तिकिटं मिळाली. नागपूर ते कोल्हापूर जवळपास पंचवीस तास, आणि पुढे एस.टी.ने घाट उतरून. हे धाकट्याजवळ थांबले, आम्ही दोघी निघालो. डब्यात सांभारवड्या आणि दशम्या. मनमाड गेल्यावर ती वरच्या बर्थवरून वाकून म्हणाली, "आई, पाऊस पाह्य." इतका पाऊस तिने कधी बघितला नव्हता.

निघण्याआधी फीचा डीडी काढला होता, अधिष्ठात्यांच्या नावे. कॉलेजला फोन करून कुणाच्या नावे, किती आणि किती डीडी हे विचारून घ्या. शिक्षण शुल्काचा वेगळा आणि वसतिगृहाचा वेगळा मागितला होता. आमच्या पुढे उभे असलेले परभणीचे एक काका एकाच डीडीवर सगळी रक्कम घेऊन आले होते, त्यांना बँक शोधत तालुक्याला जावं लागलं. मूळ कागदपत्रं कॉलेज ठेवून घेतं. म्हणून झेरॉक्सचे सहा संच आणि मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरून त्याची प्रत, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र दिलेल्या नमुन्यातच. साडेदहाला रांगेत लागलो, चारला पावती हातात पडली.

खिडकीवर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा का, असं विचारतात. तो भरला की ही जागा कायम, पुढच्या फेऱ्यांमधून तुम्ही बाहेर. भरला नाही तर पुढच्या फेरीत वरचं काही मिळू शकतं, पण मिळालं की ही जागा आपोआप जाते. आम्ही भरला नाही. विदर्भात काही उघडलं तर, एवढी एक आशा ठेवली.

त्याच रात्री, तान्ह्या पोळ्याची रात्र, साडेनऊला यांचा फोन. धाकट्याला ताप, १०१.६, मांड्या दुखतात. आम्ही लॉजच्या खोलीत, बाहेर धो धो पाऊस, परतीची गाडी परवाची. मी उभी होते ती खाली बसले. मोठीने फोन घेतला. तिने फक्त तीन प्रश्न विचारले. धाप लागते का, लघवीचा रंग कसा आहे, बॅग घेतली का. मागून धाकट्याचा आवाज आला, कण्हत होता, पण स्पष्ट, "बॅग मी घेतली ताई. ऑटो खाली आला."

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब. सलाइन, वेदनाशामक, अँटिबायोटिक. काकूंनी डबा पोचवला, यांनी दुकान बंद ठेवलं, डॉक्टर मॅडम सकाळ-संध्याकाळ बघून गेल्या. आम्ही नागपूरला उतरलो आणि स्टेशनवरून थेट वॉर्डात गेलो, तेव्हा तो उठून बसला होता. शेजारच्या खाटेवरच्या लहान मुलाला खुंटीच्या बॅगेतलं काय काय असतं ते दाखवत होता. त्याच्यासाठी आणलेले काजू त्याने तिथेच फोडले. मोठी बाहेर व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

दुसऱ्या फेरीसाठी पसंतीक्रम पुन्हा नव्याने भरायचा होता. त्या खासगी कॉलेजचं नाव आता वर घेतलं असतं तर कदाचित ती घरी आली असती. मी तिला विचारलं, एकदाच. ती म्हणाली, "तूच सांग." मी सांगितलं की नको. त्या यादीत फक्त विदर्भातली सरकारी कॉलेजं टाकली. निकाल लागला, काही बदललं नाही. रँक थोडक्यात हुकली. दोन दिवस वाईट वाटलं, मग सामान बांधलं.

एकूण खर्च विचाराल तर नोंदण्या, कागदपत्रं, झेरॉक्स, तपासण्या मिळून साडेचार हजार. आमच्या दोघींचा पहिला प्रवास आणि लॉज साडेअकरा हजार. पहिल्या वर्षाची फी, अनामत आणि वसतिगृह मिळून एक लाख त्र्याहत्तर हजार. गादी, बादली, छत्र्या, दोन ॲप्रन, शरीररचनेची पुस्तकं मिळून चौदा हजार, त्यातली अर्धी पुस्तकं सीनिअर मुलींकडून निम्म्या किमतीत. कोकणासाठी कपडे लवकर वाळतील असे घ्या, आमच्या जाड सुती कुर्त्यांना पहिल्याच महिन्यात बुरशी आली. मेसचे महिन्याला साधारण साडेतीन हजार. फ्लॅट आमच्याच नावावर आहे.

आता जानेवारी आहे. ती गेल्यापासून धाकट्याला आणखी एक क्रायसिस आला, डिसेंबरच्या थंडीत, घरीच आवरला. ती दिवाळीत आठ दिवस आली होती, तेव्हा रोज रात्री दोघं तिच्याच टेबलावर बसायचे, ती बोन्स पाठ करायची आणि तो भूमिती. दाराशी चिकटवलेला कागद त्याने नव्याने लिहिला आहे. पूर्वी त्यावर पहिली ओळ 'ताईला फोन' होती. आता ती सहावी आहे.

मे महिन्यात आम्ही तिघं तिच्याकडे जाणार आहोत. धाकट्याने समुद्र बघितलेला नाही. मॅडमनी जा म्हटलंय, प्रवासात दर तासाला पाणी आणि एसी डब्यात चादर, एवढ्या अटीवर. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. मडगाव गाडीसाठी त्याने मोबाइलमध्ये मार्चमधल्या त्या सकाळचा गजर आत्ताच लावून ठेवलाय, सकाळी साडेसातचा.